मिसोचा डबा आणलाय खरा, पुढे काय? मदत हवी आहे

किराणा आणायला गेले आणि नेहमीप्रमाणे परदेशी मालाच्या शेल्फपाशी रेंगाळले. येताना पिशवीत जपानी मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट! लेबल सगळं जपानीत. चिकटवलेल्या चिठ्ठीवर फक्त सोयाबीन, तांदूळ, मीठ. रंग गडद लालसर. बोटाने चाटून बघितलं तर खारटपणाने डोळेच मिटले. फिका मिसो कमी दिवस आंबवलेला नि सौम्य, लाल जास्त मुरलेला, एवढं कळलंय. गॅस बंद करून मगच सूपात कालवायचा, हेही. पण दोन वाट्या पाण्याला किती चमचे? दाशी (जपानी सूपासाठीचं चवदार पाणी, स्टॉक) नाहीये, सुकी शिताके मशरूम भिजवलेलं पाणी चालेल का? आणि फ्रिजमध्ये तीन आठवड्यांत वरचा थर काळपट झालाय. वास ठीक आहे. ढवळून वापरू की टाकून देऊ?