लग्नावर टाकलेला ग्रीनकार्डचा अर्ज आणि मधेच देशाबाहेर जायची वेळ : अनुभव धागा

धागाकर्ती, न्यू जर्सी

नमस्कार मंडळी. लग्नसराई जवळ आली की ओळखीच्या मुलींचे फोन सुरू होतात : "ताई, ग्रीनकार्डचा अर्ज (आय-४८५) टाकलाय, कार्ड आलं नाही, दादाचं लग्न ठरलंय. जाऊ का?" प्रत्येकीला तेच सांगून दमले, म्हणून हा धागा. कृपया ऐकीव सल्ले नकोत, स्वतःचं काय झालं ते लिहा. कुठला देश, अर्जाच्या खाली कोणता व्हिसा होता आणि परत येताना काउंटरवर काय विचारलं, एवढं आलं तरी पुष्कळ. अमेरिकेबाहेरच्यांनीही लिहा.

सुरुवात माझ्यापासून. मी एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), नवरा सिटिझन. सिटिझनच्या जोडीदाराला व्हिसा नंबरची रांग नसते, म्हणून आय-१३० (नवऱ्याने नातं दाखवून करायचा अर्ज) आणि आय-४८५ एकत्रच पाठवले, सोबत ॲडव्हान्स पॅरोलसाठी (एपी, म्हणजे अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी) आय-१३१. नियम असा की आय-४८५ प्रलंबित असताना एपी हातात न घेता देश सोडला, तर अर्जावर तुम्हीच पाणी सोडलं असं धरलं जातं. याला मोठा अपवाद एच-१, एच-४, एल-१ आणि एल-२ वाल्यांचा (नोकरीचे आणि कंपनी-बदलीचे व्हिसा, आणि त्यांच्या कुटुंबीयांचे). ते आपल्या वैध व्हिसावर, त्याच स्टेटसमध्ये परत आले तर अर्जाला धक्का लागत नाही.

माझा व्हिसा स्टँप वैध होता, एपीही आलं होतं. बहिणीच्या लग्नाला नाशिकला गेले आणि येताना एच-१बीच पुढे केला. नेवार्कला अधिकाऱ्याने "कंपनी तीच का?" एवढंच विचारलं. एपी पर्समधून बाहेरही निघालं नाही. आमच्या वकिलीणबाईंचं म्हणणं असं की उद्या आय-४८५ नामंजूर झालाच, तर एच-१बीवर आलेल्या माणसाच्या पायाखाली जमीन राहते. पॅरोलवर आलेल्याच्या पायाखाली फक्त तो अर्जच असतो. मला हे पटलं. पण ज्यांचा स्टँप संपलाय त्यांना मुंबईत बीकेसीला स्टँपिंगची तारीख मिळवत बसावं लागतं. त्यांना एपीच सोयीचं.

डॅलस

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा), ओपीटी (शिक्षणानंतर काम करायची मुभा) सुरू होतं. एफ-१ला तुम्ही लिहिलेला अपवाद लागू नाही, म्हणजे एपी नाही तर प्रवास नाही.

अर्ज टाकल्यावर काही आठवड्यांतच आजी गेली. मी तिच्याकडे वाढलेली, आई-बाबा दोघंही नोकरी करणारे. एपी आलेलं नव्हतं. घरी कोणालाच हे समजेना. काका म्हणाले, "नवरा अमेरिकन आहे ना तुझा? मग कोण अडवणार?" त्यांना वाटत होतं मी कारणं सांगतेय. दहाव्याला आत्तेभावाने फोन घाटावर धरला, इथे मध्यरात्र. मी आणि नवरा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बघत होतो. त्याला मराठी येत नाही. कावळा शिवला तेव्हा सगळे एकदम उठले, तर तो घाबरला, काही झालं का म्हणून.

पुढे एपी आलं आणि वर्षश्राद्धाला गेले. येताना मुंबईच्या चेक-इनवाल्या मुलीने तो कागद कधी पाहिलेलाच नव्हता. "मॅडम, व्हिसाचं पान दाखवा." पासपोर्टमधला एफ-१ व्हिसा संपलेला. तिने सुपरवायझरला बोलावलं, त्याने कुठेतरी फोन लावला, मग बोर्डिंग पास मिळाला. चार तास आधी पोचले होते म्हणून निभावलं. एपीची मूळ प्रत, आय-४८५ची पावती आणि लग्नाचा दाखला एका फोल्डरमध्ये हातातल्या सामानात ठेवा. बॅगेत टाकून चेक-इन करू नका.

इकडे उतरल्यावर सेकंडरीत (जादा तपासणीच्या खोलीत) नेलं. नाव ऐकून धडकी भरते, पण खोलीत माझ्यासारखेच एपीवाले बरेच होते. प्रश्न दोन-तीनच : कोणाच्या आधारावर अर्ज, कधी गेलात, कुठे राहता. पासपोर्टवर एक वर्षाचा पॅरोलचा शिक्का मिळाला, आय-९४वर (प्रवेशाची नोंद) ‘डीए’, म्हणजे एपीवर आल्याची खूण, असं आलं. तिथून पुढे मी एफ-१ उरले नाही, काम करायला ईएडीच (कामाचा परवाना) लागला.

फिनिक्स

वरच्या ताईंचं वाचून गलबललं. कुणाला उपयोग होईल म्हणून तातडीच्या एपीचं लिहितो. बाबांना कोल्हापुरात आयसीयूत ठेवलं तेव्हा माझं आय-१३१ कुठेतरी गठ्ठ्यात पडलेलं. मीही एफ-१वरचाच. बायको सिटिझन, तिने इमिग्रेशन खात्याच्या कॉन्टॅक्ट सेंटरला फोन केला. पहिल्या फोनला माणूस भेटायलाच वेळ गेला. "इमर्जन्सी ॲडव्हान्स पॅरोल, फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट" हे शब्द तसेच म्हणा, नाहीतर ते नेहमीच्या ‘एक्सपीडाइट’ (अर्ज लवकर बघा अशा) विनंतीकडे वळवतात. ती वेगळी आणि तिचं उत्तर यायला वेळ लागतो.

अपॉइंटमेंटला नवा आय-१३१, फी, दोन फोटो, आय-४८५ची पावती आणि डॉक्टरांचं पत्र नेलं. पत्रावर सगळं अवलंबून असतं. पहिलं पत्र भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलं त्यात फक्त "पेशंट ॲडमिट आहे" एवढंच. मी डॉक्टरांना फोन करून विनवलं : लेटरहेडवर, इंग्रजीत, निदान, दाखल केल्याची तारीख, प्रकृती गंभीर आहे हे वाक्य, नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का. बाबांचं माझ्याशी नातं दाखवायला जन्मदाखला जोडला. तो मराठीत होता म्हणून भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं प्रमाणपत्र. हे आधीच करून ठेवलेलं असलं तर बरं. त्याच दिवशी कागद हातात मिळाला. बाबा आहेत, आता घरी आहेत, रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी मारून येतात.

रेडिंग, इंग्लंड

इथला नियम अमेरिकेपेक्षा कडक आहे. स्पाउस व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज (एफएलआर-एम) प्रलंबित असताना तुम्ही कॉमन ट्रॅव्हल एरियाबाहेर गेलात, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. इमिग्रेशन नियमांतला ३४के परिच्छेद. एपीसारखी परवानगी प्रकारच नाही. कॉमन ट्रॅव्हल एरिया म्हणजे यूके, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनेल बेटं. म्हणजे कोल्हापूर नाही, जर्सी चालेल. (वरच्या धागाकर्तीची न्यू जर्सी नव्हे!)

गोंधळ होतो कारण हल्ली पासपोर्ट तुमच्याकडेच राहतो. बायोमेट्रिकला स्कॅन करून परत देतात. लोकांना वाटतं पासपोर्ट हातात आहे म्हणजे जायला हरकत नाही. त्यात जुना व्हिसा संपला असेल तर अर्जामुळे जी वाढीव मुदत चालू असते, तीही देश सोडताच संपते. मग परत यायचं कशावर?

आमच्या दिरांचं लग्न नेमकं मधे आलं. सुपर प्रायॉरिटीचे (झटपट निर्णयाच्या सेवेचे) १,००० पौंड भरले आणि बायोमेट्रिकच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी निर्णय आला. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या पैशात इथे आणखी पन्नास पानं उठली असती." खरंय. पण पाटावर नवरदेव बसलाय आणि थोरली वहिनी नाही, हेही त्यांनीच ऐकवलं असतं.

म्युनिक

जर्मनीत अडचण कागद ओळखण्याची आहे. मी फॅमिली रीयुनियनच्या डी (दीर्घ मुदतीच्या) व्हिसावर आले. तो संपायच्या आत आउसलेंडरबेहोर्डेकडे (परदेशी नागरिकांचं कार्यालय) अर्ज केला, कार्ड यायला उशीर होणार म्हणून त्यांनी फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग (तोवरचं तात्पुरतं प्रमाणपत्र) दिलं. घडी घातलेला कागद. त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते घेतानाच बघा. जर्मन निवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४ असेल तर जुना परवाना पुढे चालू आहे असं मानतात आणि त्यावर बाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ असेल तर इथे राहता येतं, पण त्या कागदाच्या जोरावर परत येता येत नाही.

माझं ४ होतं. पुण्याला गेले, परतताना मुंबईच्या काउंटरवर तो जर्मन कागद कोणालाच वाचता येईना. मी कलमाचा इंग्रजी मजकूर छापून नेला होता, संपलेला व्हिसा असलेला पासपोर्टही होता. म्युनिकच्या पोलिसाने मात्र दोन सेकंदांत शिक्का मारला.

मिसिसागा

कॅनडावाल्यांनो, स्पॉन्सरशिपचा अर्ज टाकतानाच प्रवासाचा विचार करा. इनलँड (देशात राहणाऱ्यांसाठीचा प्रकार) टाकला तर कॅनडात एकत्र राहणं हीच अट असते. बाहेर जायला मनाई नाही, पण परत आत घेतीलच याची हमी नाही आणि परत येता आलं नाही तर अर्ज बुडतो. आम्ही दोघं इथेच राहत असूनही आउटलँड (देशाबाहेरून करायचा प्रकार) टाकला. इथे राहून तो टाकता येतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. शिवाय आउटलँड नामंजूर झाला तर स्पॉन्सरला अपील करता येतं, इनलँडला तो मार्ग नाही. माझ्याकडे मल्टिपल एंट्री व्हिसा होता, त्यावर दोनदा सोलापूरला जाऊन आले. बॉर्डरवर "पीआर (कायम वास्तव्याचा) अर्ज चालू आहे" हे सरळ सांगितलं, काही झालं नाही.

मेलबर्न

इथे ८२० (जोडीदाराचा व्हिसा) टाकल्यावर ब्रिजिंग ए (निर्णय होईपर्यंतचा व्हिसा) मिळतो. त्यावर राहता येतं, बाहेर गेलात की तो संपतो. ब्रिजिंग बी वेगळा अर्ज करून, इथे असतानाच मिळवायचा. त्यावर लिहिलेल्या मुदतीत परत यायचं. माझ्या बाबतीत यापलीकडे सांगण्यासारखं काही घडलं नाही.

व्हर्जिनिया

माझी कहाणी थोडी वेगळी. पहिलं लग्न मोडलं, एच-४ गेला, त्यानंतर वर्षापेक्षा जास्त काळ मी इथे स्टेटसशिवाय होते. कारणं लिहीत नाही. मग सिटिझनशी लग्न झालं. रीतसर व्हिसावर आलेली असल्याने आणि सिटिझनची बायको म्हणून मला इथेच राहून आय-४८५ टाकता येत होता. पण वर्षाहून जास्त बेकायदा राहून देश सोडला तर दहा वर्षं बंदी लागते (१८० दिवस ते एक वर्ष असेल तर तीन वर्षं).

एपी घेऊन गेलं तर? यावर २०१२ चा एक निवाडा आहे, मॅटर ऑफ अर्राबल्ली अँड येर्राबेल्ली. बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सचा. भारतीय जोडप्याचीच केस. एपीवर जाऊन येणं म्हणजे त्या बंदीच्या अर्थाने ‘देश सोडणं’ नव्हे, असं त्यात ठरलं. म्हणजे कायद्याने मी जाऊ शकत होते. एपी मंजूर होऊन घरातही आलं. वकील म्हणाला, "निवाडा तुमच्या बाजूने आहे, पण पॅरोल द्यायचा की नाही हे दारातला अधिकारी ठरवतो. अगदीच गरज असेल तरच जा." मी नाही गेले. आईला इकडे बोलावलं, तिचा व्हिझिटर व्हिसा होताच. कार्ड आल्यावरच साताऱ्याला पाऊल टाकलं. ज्यांच्या मागे असा काळ आहे त्यांनी वरचे अनुभव वाचून तिकीट काढू नका. तुमची फाइल वकिलाला दाखवा.

सिॲटल

कार्ड मिळाल्यावरही हे संपत नाही, म्हणून लिहितोय. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर दोनच वर्षांचं कंडिशनल कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्डावरची अट काढायचा अर्ज) टाकायचा. त्याच्या पावतीने जुन्या कार्डाची मुदत ४८ महिने वाढते (२०२३ पासून, आधी एवढी नव्हती). प्रवास त्यावर करता येतो : संपलेलं कार्ड आणि त्या पत्राची मूळ प्रत, दोन्ही एकत्र.

अमेरिकन अधिकाऱ्याला हे पाठ असतं. आपल्याकडच्या काउंटरवर कार्डाची तारीख बघून "सर, एक्स्पायर्ड आहे" होतंच. वाद घालू नका. पत्रातली ४८ महिन्यांची ओळ आधीच पिवळी करून ठेवा आणि बोट ठेवून दाखवा. माझ्या पुढे एक काका होते, त्यांच्याकडे पत्राची झेरॉक्स होती, मूळ प्रत टेक्ससमधल्या घरी. त्यांना त्या विमानाने जाता आलं नाही.

धागाकर्ती, न्यू जर्सी

सगळ्यांचे आभार. डॅलसताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही.

व्यक्तिगत निरोपांत आलेल्या प्रश्नांची उत्तरं इथेच देते. युरोपमार्गे तिकीट स्वस्त मिळतंय, काढू का? एपीवाल्यांनी आधी ट्रान्झिट व्हिसाचं बघा. भारतीय पासपोर्टवर लंडनला विमान बदलताना वैध अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीनकार्ड असेल तर सूट मिळते, एपीचा कागद त्यात धरत नाहीत. म्हणून आमच्याकडची मंडळी थेट विमानाने किंवा दोहा-दुबईमार्गे जातात.

एपीची पावती आली आहे, त्यावर जाऊ का? नाही. मंजूर झालेला कागद लागतो. आणि तो यायच्या आधी निघालात तर आय-१३१ही बाद धरला जातो.

फी : १ एप्रिल २०२४ पासून आय-४८५चे १,४४० डॉलर आणि आय-१३१चे ६३० वेगळे. आधी एपीची फी आय-४८५मध्येच असायची, त्यामुळे जुने अनुभव वाचताना तारीख बघा. २०२५ मध्ये पॅरोलवर नवी फी आली, तेव्हा ती १,००० डॉलर होती, पण आय-४८५ प्रलंबित असताना एपीवर जाऊन परत येणाऱ्यांना त्यातून सूट आहे.

बाहेर असताना मुलाखतीचं पत्र आलं तर? नवऱ्याला किंवा शेजारणीला रोज टपाल बघायला सांगा, ऑनलाइन खातंही तपासत राहा. तारीख पुढे ढकलायची विनंती मुलाखतीच्या आधी करावी लागते. न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज त्याच कारणाने नाकारता येतो. बायोमेट्रिकचंही तेच, शक्यतो ते उरकूनच निघा.

के-१ वर (लग्न ठरलेल्यांचा व्हिसा) येऊन इथे लग्न केलेलं कोणी असेल तर लिहा, त्याबद्दल अजून कोणी लिहिलेलं नाही.