सांगलीच्या घरचा राउटर पुण्यातून सांभाळण्यासाठी ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालू करावे का?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझे आई-वडील सांगलीला असतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. घरी फायबरची जोडणी असून सेवा देणाऱ्या कंपनीनेच दिलेला राउटर बसवलेला आहे. वायफायचा पासवर्ड बदलायचा असो किंवा नवा मोबाइल जोडला जात नसो, दर वेळी फोनवरून बाबांना एकेक पायरी सांगावी लागते आणि इंग्रजी मेन्यूतली नावे शोधता शोधता दोघांचीही दमछाक होते. सेटिंगमध्ये ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा एक पर्याय आहे. तो चालू केला तर राउटरचे पान मला पुण्यातून उघडता येईल का आणि तसे करणे कितपत सुरक्षित आहे?

दुसरे असे की, जोडणी देताना टेक्निशियनने ॲडमिनचे नाव आणि पासवर्ड या दोन्ही ठिकाणी ‘ॲडमिन’ हाच शब्द ठेवला आहे. वायफायचा पासवर्ड मात्र चांगला लांबलचक आहे. मग ॲडमिनचा पासवर्ड बदलण्याची खरोखर गरज आहे का? तो बदलला की नेट बंद पडेल, अशी बाबांना धास्ती वाटते.

उत्तर : जाळेविणकर

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आजच अमलात आणण्यासारखे आहे. वायफायचा पासवर्ड घरच्या जाळ्यात कोणी यावे एवढेच ठरवतो. आत आलेल्या प्रत्येक उपकरणाला, म्हणजे पाहुण्यांच्या मोबाइलला, स्वस्तातल्या कॅमेऱ्याला किंवा व्हायरस शिरलेल्या लॅपटॉपला, १९२.१६८.१.१ हे राउटरच्या सेटिंगचे पान उघडता येते आणि तिथे ‘ॲडमिन-ॲडमिन’ चालत असेल तर पुढचे सगळे मोकळेच असते.

अशा वेळी सर्वांत आधी डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा सर्व्हर शोधून देणाऱ्या सेवेचा, पत्ता बदलला जातो, कारण तो बदलला की बँकेचे नाव अचूक टाइप करूनही भलत्याच सर्व्हरवर पोहोचण्याची सोय होते आणि घरातल्या कोणत्याही मोबाइलवर काही बिघडल्याचे दिसत नाही. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, हेच केले होते. संगणकातली डीएनएसची नोंद तो बदलत असेच, शिवाय राउटरचे मूळ पासवर्डही वापरून पाहत असे. त्या टोळीचे सर्व्हर अमेरिकेच्या एफबीआयने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये ताब्यात घेतले, पण बाधित लोकांचे नेट एकाएकी बंद पडू नये म्हणून त्यांच्या जागी ठेवलेले पर्यायी सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. २०१६ मधल्या ‘मिराय’ या मालवेअरने तर वेगळी युक्ती लढवलीच नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या घेऊन तो कॅमेरे आणि राउटर यांची दारे ठोठावत सुटला, आणि ‘ॲडमिन-ॲडमिन’ ही जोडी त्या यादीत होतीच.

नेट बंद पडण्याची भीती मात्र सोडून द्यावी. कंपनीकडे लॉगिन होण्यासाठी पीपीपीओईचे जे नाव आणि पासवर्ड असतात, ते वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावर स्वतंत्रपणे साठवलेले असतात. ॲडमिनचा पासवर्ड बदलल्याने त्यांना धक्का लागत नाही. नवा पासवर्ड कागदावर लिहून घरातच ठेवला तरी चालेल. राउटरच्या बुडाशी चिकटवू नये एवढेच.

उत्तर : तारेवरची कसरत

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. सुरक्षिततेची चर्चा करण्याआधी हा पर्याय तुमच्याकडे चालेल का, हे तपासावे. राउटरच्या ‘स्टेटस’ पानावर वॅनचा आयपी पत्ता दिसतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमची जोडणी सीजीनॅटच्या मागे आहे. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे, पत्ते अपुरे पडतात म्हणून कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते आणि त्यासाठी हा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत पुण्याहून निघालेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही, मग पर्याय चालू असो वा बंद. पत्त्यातला पहिल्या टिंबाआधीचा आकडा नुसता १० दिसला तरी अर्थ तोच. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मिळत असेल तर बाहेरून वाट निघू शकते, पण म्हणूनच बाहेरच्या विनंत्या अडवणारी फायरवॉल चालू आहे ना, हे तिथे जास्त काळजीने पाहावे लागते.

समजा, सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे. तरीही मी रिमोट मॅनेजमेंट बंदच ठेवीन. घरगुती राउटरच्या लॉगिन पानात पासवर्डला वळसा घालून आत शिरण्याच्या त्रुटी वारंवार सापडत आल्या आहेत, त्यामुळे भक्कम पासवर्ड ठेवूनही ते पान अख्ख्या जगासमोर उघडे टाकण्यात शहाणपण नाही. पोर्टचा, म्हणजे ज्या दाराने ते पान उघडते त्याचा, क्रमांक ८० ऐवजी ८०८० केल्याने काही साधत नाही, कारण शोधणारे सगळेच पोर्ट चाळतात.

तुमचे काम दुसऱ्या मार्गाने होते. सांगलीच्या घरी लॅपटॉप असेल तर त्यावर स्क्रीन दाखवणारे ॲप घाला. वडिलांनी परवानगी दिली की त्याच लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तुम्ही राउटरचे पान उघडा. राउटरच्या दृष्टीने ती विनंती घरातूनच आलेली असते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. फक्त हीच ॲप वापरून खाती रिकामी करणारे भामटेही आहेत, तेव्हा जोडणीचा कोड तुमच्याशिवाय कोणालाही सांगायचा नाही, हे आई-वडिलांना आधीच बजावून ठेवा आणि काम संपले की ॲप बंद करायला लावा.

उत्तर : फायबरमित्र

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, फक्त एक धोका राहून गेला. नवा पासवर्ड विसरला म्हणून राउटरच्या मागच्या छिद्रात टाचणी घालून रीसेट करू नका. बाजारातून आणलेल्या राउटरवर ते चालते, पण कंपनीच्या फायबर राउटरवर पीपीपीओईची माहिती आणि व्हीलॅनचा (कंपनीच्या जाळ्यातल्या तुमच्या वाटेचा) क्रमांकही त्यासोबत पुसला जाण्याची शक्यता असते आणि मग टेक्निशियनची वाट पाहत बसावे लागते. म्हणून पासवर्ड बदलण्याआधीच ‘बॅकअप’ पर्यायातून सेटिंगची फाइल उतरवून घ्या आणि वॅनच्या पानाचे फोटो काढून ठेवा.

त्याच पानावर टीआर०६९ नावाची एक वेगळी जोडणी दिसेल. ती कंपनीला राउटर दुरून सांभाळता यावा म्हणून असते. काही जण ती काढून टाका असे सांगतात, पण माझे मत तसे नाही. कंपनी त्याच वाटेने फर्मवेअर, म्हणजे राउटरचे आतले सॉफ्टवेअर, पाठवते आणि बिघाड तपासते. ही वाट निर्धोक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले, तेव्हा हल्ला याच कामासाठी उघड्या राहिलेल्या ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर झाला होता. तरीही ते पोर्ट आवरणे कंपनीच्या हातात आहे. आपण जोडणी पुसली तर आपल्याच अद्ययावत आवृत्त्या थांबतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. पत्ता १००.७२ ने सुरू होतो, त्यामुळे रिमोटचा विषय मिटला. लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला आणि नेट व्यवस्थित चालू आहे. त्याच मेन्यूत डब्ल्यूपीएस, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची सोय, चालू दिसले. प्रिंटर त्यानेच जोडला होता. ते राहू द्यावे का?

जाळेविणकर

पिनने जोडण्याची पद्धत नक्की बंद करा. पिन आठ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पहिले चार अंक वेगळे तपासून बरोबर की चूक ते सांगून टाकतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत पिन सापडतो. ही त्रुटी २०११ च्या डिसेंबरमध्येच जाहीर झाली आहे. बटण दाबून जोडण्याची पद्धत तेवढी ठेवायला हरकत नाही, परंतु तुमच्या राउटरवर दोन्हींसाठी एकच खूण असेल तर ती काढून टाका. प्रिंटरने वायफायचा पासवर्ड आधीच साठवलेला असतो, त्यामुळे तो जोडलेलाच राहील.