हंगेरी-पोलंड: निर्देशांकातली किती घट खरी धरायची?

कृष्णाकाठ: एम.ए.च्या प्रबंधासाठी दोन्ही देशांची २०१० ते २०२३ अशी तुलना करतेय. व्ही-डेम या, तज्ज्ञांच्या मतांवरून देशोदेशीची लोकशाही मोजणाऱ्या प्रकल्पाचा उदारमतवादी लोकशाही निर्देशांक घेतलाय (० ते १). वर्षात ०.०२ घट झाली तर ती घसरण म्हणायची का? फ्रीडम हाउस ही संस्था देशांना स्वातंत्र्याचे गुण देते, ते मिसळून सरासरी काढली तर चालेल? आणि लोकशाहीचा टिकाव कशावरून मोजतात?

आकडेमोड: सरासरी अजिबात नको. फ्रीडम हाउसच्या १०० गुणांत राजकीय हक्कांचे ४०, नागरी स्वातंत्र्याचे ६०. व्ही-डेममध्ये न्यायालयाचा आणि संसदेचा सरकारवरचा अंकुश वेगवेगळा मोजलेला असतो. दोन्हींची खिचडी केलीत की नेमकं काय ढासळलं तेच कळत नाही.

०.०२चं उत्तर व्ही-डेमच्या फाइलमध्येच आहे. निर्देशांकाशेजारचे 'कोडलो' आणि 'कोडहाय' हे रकाने म्हणजे अंदाजाची खालची-वरची हद्द, तीही साधारण ६८ टक्के खात्रीचीच. दोन वर्षांच्या हद्दी एकमेकींत शिरत असतील तर त्या फरकावर निष्कर्ष उभा करू नका. घसरणीचा टप्पा ठरवायचा रूढ निकष असा: सुरुवातीला वर्षात किमान ०.०१ घट आणि टप्पाभरात एकूण किमान ०.१०. पण तो व्ही-डेमच्याच *निवडणूक* लोकशाही निर्देशांकासाठी आहे, जो मुख्यतः निवडणुका किती मोकळ्या आहेत ते मोजतो. लोक तो सर्रास उदारमतवादीला लावतात.

आवृत्तीही एकच ठेवा. दरवर्षी जुन्या वर्षांसकट सगळी मालिका नव्याने काढली जाते. २०१५चा आकडा जुन्या फाइलमधून आणि २०२३चा नव्या फाइलमधून उचललात, तर नसलेली घसरणसुद्धा दिसेल.

तळटीप: पण हे तज्ज्ञांच्या मतांचं मोजमाप. त्यांची निराशाच आकड्यांत उतरत नसेल कशावरून? लिटल आणि मेंग या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी सत्ताधारी निवडणूक हरतात का, अशा पडताळता येणाऱ्या गोष्टी मोजल्या, तर जगभरात फारशी घसरण दिसली नाही.

आकडेमोड: आक्षेप रास्त, पण हंगेरीत तीच मोजपट्टी तोकडी पडते. २०१४ पाहा. संसद ३८६ वरून १९९ जागांवर आणलेली, मतदारसंघ नव्याने आखलेले. सत्ताधारी फिदेस पक्षाच्या आघाडीला सुमारे ४५ टक्के मतं आणि १३३ जागा, म्हणजे दोन तृतीयांश! विरोधक रिंगणात होते, मतमोजणीही झाली. 'निवडणूक झाली का' या रकान्यात काहीच वावगं दिसणार नाही.

रावेरकर: टिकावाचं: घसरण सुरूच न होणं वेगळं आणि सुरू झाल्यावर लोकशाही मोडून न पडणं वेगळं. पहिल्यासाठी कधीच न घसरलेले देशही नमुन्यात हवेत, नाहीतर कारण शोधायला तुलनाच उरत नाही. तुमचे दोन्ही देश घसरलेले, म्हणून प्रबंध दुसऱ्या प्रश्नापुरताच ठेवा.

पोलंडची मालिका मात्र २०२३ला तोडू नका. मतदान १५ ऑक्टोबरचं, पण नवं सरकार १३ डिसेंबरला आलं. म्हणजे ते जवळपास अख्खं वर्ष जुन्याच सरकारचं. त्यानंतरही नकाराधिकार असलेले राष्ट्राध्यक्ष दुदा आणि आधीच्या राजवटीने नेमलेले घटनात्मक न्यायाधिकरणाचे न्यायाधीश जागेवरच होते. २०२४ जोडा आणि न्यायालयीन अंकुशाचा आलेख निवडणुकीच्या आलेखापासून वेगळा काढा.