एन्व्हायर्नमेंट, पॉलिटिक्स, सोसायटी असलं मास्टर्स कुणी केलंय का? बीएससी झालंय, नाशिकला जॉब चालू आहे

निफाडची_लेक
नमस्कार मंडळी. बीएससी एन्व्हायर्नमेंटल सायन्स झालंय, सध्या नाशिकमध्येच एका कन्सल्टन्सीत आहे, कंपन्यांना पर्यावरण मंजुरीसाठी ईआयए रिपोर्ट (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा) लागतो ते काम. पाण्याचे, मातीचे सॅम्पल घ्यायचे, लॅबला पाठवायचे, आकडे आले की टेबलात भरायचे. काम वाईट नाहीये पण एका प्लांटच्या जनसुनावणीला (मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकतात ती) गेले होते तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पुढच्या खुर्च्यांवर सगळे साहेब लोक आणि गावातले पुढारी, बायका पार मागे. त्यातल्या एक मावशी उठल्या आणि म्हणाल्या आमच्या बोअरला पाणी लालसर यायला लागलंय, अजून प्लांट वाढला तर आम्ही प्यायचं काय. बराच गोंधळ झाला, माईक एकदा काढून पण घेतला त्यांच्याकडून. आणि रिपोर्टात काय गेलं तर "ग्रामस्थांनी पाण्याबाबत शंका उपस्थित केली, शंकेचे निरसन करण्यात आले". निरसन कुणी केलं कधी केलं, मी तिथेच होते, मला तर काही दिसलं नाही 😐

तर मला आता पाण्याच्या पीएच आणि टीडीएसच्या आकड्यांच्या पुढचं शिकायचंय, कुणाचं ऐकलं जातं, कुणाचं नाही, निर्णय कुठे होतो. नेटवर बघितलं तर लंडनला यूसीएलच्या (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) जिओग्राफी डिपार्टमेंटमध्ये एन्व्हायर्नमेंट, पॉलिटिक्स अँड सोसायटी नावाचं एमएससीच आहे. पण सायन्सवाल्यांना जमतं का? बाहेर जाऊ की इथेच करू? पप्पा म्हणतात त्यापेक्षा एमपीएससीचा क्लास लाव. घरी द्राक्षबाग आहे, यंदा पावसाने काय केलं ते सांगायला नको, त्यामुळे पैशाचा विचार करूनच सांगा.

गोदाकाठी
ताई मी टिसला (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) केलंय, मुंबईला, पाण्यावरचं मास्टर्स. माझं पण बीएससीच होतं. सायन्सवाल्यांना जमतं, पहिलं सेमिस्टर फक्त जड जातं कारण वाचायला खूप असतं आणि एकही उत्तर एका ओळीत येत नाही, आपल्याला सवय असते आकडा काढला की संपलं.

नेमकं काय शिकवतात ते आपल्याकडचंच उदाहरण घेऊन सांगतो. जायकवाडीला पाणी सोडायचं म्हटलं की दर टंचाईच्या वर्षी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा पेटतं, हे आपण लहानपणापासून बघतोय. पण त्याच्या मुळाशी २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आहे, एका खोऱ्यातल्या सगळ्यांना समन्यायी पाणी मिळायला पाहिजे असं त्यात लिहिलंय. मग गोदावरी खोऱ्यातलं पाणी कसं वाटायचं यावर मेंढेगिरी समितीचा रिपोर्ट आला २०१३ ला, त्यावरून प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश दिला आणि हायकोर्टाने २०१६ ला तो कायम ठेवला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी सोडायचं, ढोबळमानाने असं. आता हा ६५ आकडा इंजिनिअरने काढला म्हणून तो निव्वळ टेक्निकल का? तो ५५ असता तर वरचे गंगापूर-दारणा धरणवाले खूश, ७५ असता तर मराठवाडा खूश. आकड्याच्या मागे कोण बसलंय, कुणाचा ऊस धरलाय, कुणाची द्राक्षं धरलीत, शहराचं पिण्याचं पाणी किती दाखवलंय, हे सगळं उलगडायचं हा तो अभ्यास.

आणि कागद वाचून भागत नाही बरं का. पाणी सोडतात तेव्हा एकदा नदीकाठाने जाऊन बघ. बंधाऱ्यांच्या फळ्या आधी काढून ठेवतात, काठच्या शेतीपंपांची लाईट बंद करतात, पोलीस उभे असतात, तरी रात्री कुठे ना कुठे मोटार चालू होतेच, आणि जो चालू करतो तो चोर का ज्याची बाग जळतेय तो शेतकरी हे तू कुठल्या गावात विचारतेस त्यावर आहे. आदेशात हे काहीच दिसत नाही. आम्हाला मुलाखती घ्यायला, गावात राहून नोंदी ठेवायला, आरटीआय टाकून फाईल मागवायला शिकवलं, मला त्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

टिसला आता सीयूईटी पीजी या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. तिथल्या हॅबिटॅट स्टडीज विभागाकडे क्लायमेट चेंजचं पण आहे आणि पाण्याचं पण, यंदा कशाला ॲडमिशन चालू आहे ते साईटवर बघून घे. दिल्लीच्या आंबेडकर युनिव्हर्सिटीला एन्व्हायर्नमेंट अँड डेव्हलपमेंट आहे, बंगळुरूला अझीम प्रेमजीला डेव्हलपमेंटचं एमए आहे, तिथे फीमध्ये सवलत घरच्या उत्पन्नावर मिळते ते नक्की बघ.

सातपूर_एमआयडीसी
स्पष्ट बोलतो राग मानू नका. शिकायला छान आहे पण नोकरीचं काय? एनजीओत पगार किती असतो सगळ्यांना माहितीये. मी कंपनीत ईएचएसला (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) आहे, आमच्याकडे असल्या डिग्रीवाला कुणी घेत नाही, एमपीसीबीची (प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंट म्हणजे परवानगी आणि ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्लांट) कळणारा माणूस पाहिजे असतो. हां एक आहे, सेबीने मोठ्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर रिपोर्ट (पर्यावरण, समाज, कारभार यात कंपनी काय करते त्याचा) कंपल्सरी केल्यापासून ईएसजीवाल्यांना, म्हणजे याच विषयांच्या माणसांना, भाव आलाय. त्यात "समाज" वाला भाग लिहायला आमच्याकडे कुणाला येत नाही, इंजिनिअर लोक सीएसआरच्या झाडं लावल्याचे फोटो चिकटवतात आणि मोकळे होतात 😂 तिथे तुम्हाला स्कोप आहे. पण त्यासाठी तीस-चाळीस लाखाचं कर्ज काढून लंडन? बाग गहाण ठेवू नका एवढंच सांगतो.

गोदाकाठी
दादा पगाराचं बरोबर आहे पण सगळं एनजीओच नसतं, सरकारी प्रोजेक्ट, रिसर्च संस्था, पत्रकारिता, वकिलांबरोबर हरित लवादाच्या केसेस अशी पण कामं आहेत. सुरुवातीला मात्र पगार कमीच असतो, खोटं कशाला बोलू.

पंचवटी_टू_ब्रायटन
मी इंग्लंडला ससेक्स युनिव्हर्सिटीत मास्टर्स करून आले, कॉलेज रोडवरच राहते आता. बाहेरचं सांगते कारण इथे बऱ्याच जणांना पूर्ण माहिती नसते.

यूकेचं मास्टर्स एका वर्षाचं, १८० क्रेडिट, त्यातले ६० प्रबंधाचे असतात बहुतेक ठिकाणी. वर्ष म्हणजे नावाला वर्ष, सप्टेंबरात जाता, ख्रिसमस येतो, मार्चमध्ये प्रबंधाचा विषय ठरवा म्हणतात आणि उन्हाळ्यात लिहायचा. म्हणून विषय जाण्याआधी डोक्यात पाहिजे, तिथे जाऊन ठरवू म्हणणाऱ्यांची फार तारांबळ होते. यूसीएलसारखंच लंडनच्याच सोआस युनिव्हर्सिटीला पण एन्व्हायर्नमेंट, पॉलिटिक्स अँड डेव्हलपमेंट आहे, तेही बघ.

पैसे. फी वेगळी, शिवाय व्हिसाच्या वेळी हेल्थ सरचार्ज, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, तो आधीच भरावा लागतो, आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस दिसला पाहिजे. लंडनला ही रक्कम बाहेरच्यापेक्षा जास्त धरतात. शिकून झाल्यावर दोन वर्ष थांबता यायचं, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना मास्टर्सनंतर १८च महिने. म्हणजे तिथेच नोकरी करून कर्ज फेडू हे गणित आता मांडू नकोस.

म्हणून स्कॉलरशिप नसेल तर मी पण जाऊ नको म्हणेन, सातपूरवाल्या दादांचं मला पटतं. चेव्हनिंगला (यूके सरकारची स्कॉलरशिप) दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तुझी कन्सल्टन्सी त्यात धरतात, परत येऊन दोन वर्ष भारतात राहायची अट असते. तू अनुसूचित जातीतली असशील तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघ, फी, राहणं सगळं येतं त्यात, पण युनिव्हर्सिटी रँकिंगमध्ये बसावी लागते आणि दरवर्षी जाहिरात नीट वाचावी लागते. बाकीच्यांसाठी पण राज्याच्या योजना आहेत, आपापल्या प्रवर्गाची बघायची.

निफाडची_लेक
बापरे एवढं डिटेल, खूप थँक्यू सगळ्यांना 🙏 म्हणजे आधी इथलं बघते, चेव्हनिंगला अजून अनुभवाची दोन वर्षं पूर्ण व्हायचीत. विषय आधी ठरव म्हणालात तर तपोवनाचा घेतला तर? सिंहस्थासाठी साधुग्राम करायला झाडं तोडणार म्हणून २०२५ च्या शेवटी जे आंदोलन झालं ते. मी पण गेले होते तिथे.

पंचवटी_टू_ब्रायटन
घे पण सगळेच घेतील बघ ते 😅 घ्यायचाच असेल तर झाडं वाचवणारे चांगले आणि महापालिका वाईट असं नको. साधू-महंत काय म्हणतात, तिथे आसपास धंदा करणारे काय म्हणतात, कुंभावर ज्यांचं वर्षाचं पोट आहे ते कुणाच्या बाजूने, सगळ्यांना भेट. आणि एक विचारून बघ, शहरातल्या झाडांसाठी इतके कॅमेरे आले, सुरगाणा-पेठच्या लोकांचे वनहक्काचे दावे वर्षानुवर्ष पडून असतात तिकडे किती येतात? कायदा २००६ चा आहे आणि मार्च २०१८ मध्ये लोक त्यासाठी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेले, पायाची सालं निघाली तेव्हा कुठे टीव्हीवर दिसले.

गोदाकाठी
+१. पण मला विचारशील तर तुझा विषय तुझ्याकडे आधीच आहे, जनसुनावणी. तुझ्यासारखं आतून बघितलेलं कुणी नसतं त्या वर्गात. इतिवृत्तं पब्लिक असतात, २००६ च्या ईआयए नोटिफिकेशनखाली झालेल्या आपल्या जिल्ह्यातल्या सुनावण्यांची काढ, कुणी काय विचारलं आणि अंतिम मंजुरीच्या अटींत त्यातलं काय उतरलं ते शेजारी शेजारी ठेव. फक्त सध्याच्या ऑफिसचे कागद वापरू नकोस, अडचणीत येशील.

एसओपीत (ॲडमिशनच्या अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं पत्र) पण हेच लिही. "लहानपणापासून निसर्गाची आवड" ने सुरू केलंस तर वाचणारा तिथेच झोपतो.

सातपूर_एमआयडीसी
आणि कॉलेजच्या सरांना रेफरन्ससाठी आत्ताच फोन करून ठेवा, पेपर तपासणीत अडकले की महिना महिना उत्तर येत नाही. पप्पांना सांगा एमपीएससीला पण पर्यावरणाचा पोर्शन असतो, थोडे दिवस तेवढ्यावर निघतील.