पबमेडमध्ये दिसणं आणि मेडलाइनमध्ये असणं वेगळं

पबमेड या वैद्यकीय संशोधन शोधायच्या साइटवर पेपर सापडला म्हणजे जर्नल खात्रीचंच, असं कोणीतरी म्हटलंय, तर इथेच गफलत होते. मेडलाइन या निवडक जर्नलच्या सूचीत एखादं जर्नल घ्यायचं की नाही हे बाहेरच्या तज्ज्ञांची कमिटी तपासते, पण पबमेडमध्ये मेडलाइनशिवाय पीएमसी म्हणजे पबमेड सेंट्रल या पूर्ण पेपर मोफत वाचायला ठेवणाऱ्या संग्रहामधलेही पेपर दिसतात, आणि २००८ पासून एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनाचा स्वीकारलेला मसुदा पीएमसीत जमा करणं बंधनकारक आहे, मग तो कुठल्याही जर्नलमध्ये छापलेला असो. म्हणजे जर्नलला दारातून प्रवेश नाही पण त्यातला एखादा पेपर खिडकीतून आत येतो आणि शोधणाऱ्याला दोन्ही प्रकारचे पेपर एकाच यादीत दिसतात!

हे असे पेपर सरसकट काढून टाका असं मी म्हणणार नाही, कारण सरकारी पैशातलं काम लोकांना वाचायला मिळायलाच हवं आणि लेखक बिचारा अशा जर्नलकडून फसलेलाही असू शकतो. पण प्रत्येक नोंदीवर 'हे जर्नल तपासलेलं नाही' असं ठळक लिहायला काय हरकत आहे? उद्या हाच पेपर अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करणाऱ्या कोणाच्या तरी मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये जातो, तिथून डॉक्टरांसाठीच्या गाइडलाइनमध्ये, आणि शेवटी डोस ठरतो पेशंटचा. तोपर्यंत निदान पबमेड चालवणाऱ्या एनएलएम या अमेरिकी वैद्यकीय लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकून ते सध्या मेडलाइनमध्ये आहे का एवढं तरी बघत जा, मिनिटभराचं काम आहे.