परदेशात राहिलं की भाषा आपोआप येते? आपापले अनुभव सांगा

पाणचक्की (आइंडहोवन, नेदरलँड्स)

पुण्याहून आत्याचा फोन आला की हवापाण्यानंतरचा प्रश्न ठरलेला: "आता डच फाडफाड बोलत असशील, नाही?" तिला कसं सांगू, की या गावात डच बोलायची संधी शोधत फिरावं लागतं! ऑफिसचा सगळा कारभार इंग्रजीत. टीममध्ये तैवानी, तुर्की, ब्राझिलियन आणि चवीपुरता एक डच. बेकरीत धीर करून डचमध्ये पाव मागावा, तर समोरची पोरगी माझा पहिला शब्द ऐकूनच इंग्रजीवर येते, तेही हसून, मला बरं पडावं म्हणून. राग तरी कुणावर काढणार? सुपरमार्केटच्या गल्ल्यावर "पावती हवी का?" आणि "नको, धन्यवाद", एवढा संवाद मात्र मी कुठल्याही डच माणसाच्या तोडीने करतो.

सरकारलाही आमची घाई नाही. २०२२ च्या नव्या कायद्यानुसार कायमचं राहायला येणाऱ्या बऱ्याच लोकांना साधारण बी-वन पातळीपर्यंत (युरोपात भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या, त्यातली तिसरी) डच शिकावी लागते, पण कुशल कामगार म्हणून नोकरीच्या परवान्यावर आलेले आमच्यासारखे त्यातून वगळलेले. नागरिकत्व मागायची वेळ आली की मग सगळ्यांना क्लास आठवतात.

माझा अंदाज असा, की नुसतं देशात राहून काही होत नाही. ज्याच्यावाचून आपलं अडतं, किंवा ज्याचं आपल्यावाचून अडतं, असा एखादा माणूस भेटावा लागतो. तुमचं काय? कुठे आहात, कुणाशी बोलून भाषा आली, आणि जी आली ती नक्की कुठली, ते लिहा. ॲपची नावं नकोत, ती सगळ्यांना माहीत आहेत.

रात्रपाळी (श्टुटगार्टजवळ, जर्मनी)

मी नर्स. सांगलीत बी-टू करून आले. त्याशिवाय परिचारिका म्हणून इथे मान्यता मिळणं अवघड. वृद्धाश्रमात पहिल्या आठवड्यात वाटलं, आपल्याला भलतीच भाषा शिकवून पाठवलंय. परीक्षेच्या रेकॉर्डिंगमधली माणसं स्पष्ट बोलतात आणि एकाचं झालं की दुसरा बोलतो. इथल्या आज्या श्वेबिश बोलीत बोलतात, आणि रात्री कवळी काढून ठेवलेली असते.

एका आजींनी "टेपिश" मागितला. पुस्तकात टेपिश म्हणजे गालिचा. मी जमिनीकडे बघतेय आणि त्या कुडकुडतायत. इथे टेपिश म्हणजे लोकरीचं पांघरूण! "हेबन"चंही तसंच, पुस्तकात उचलणे, इथे धरणे. कुणाला पलंगावरून खुर्चीत घेताना जोडीदारीण "हेब!" म्हणाली तर उचलायचं नसतं, घट्ट धरून ठेवायचं असतं. हे वेळेवर कळलं नाही तर कुणाची तरी कंबर जाते.

एका ठिकाणी मात्र आपली मराठी उपयोगी पडली. क्लासमध्ये बजावून सांगतात, "बाइन" म्हणजे आख्खा पाय आणि "फूस" म्हणजे घोट्याखालचं पाऊल. इथल्या म्हाताऱ्यांचा फूस खुब्यापासूनच सुरू होतो. एक आजोबा फूस दुखतोय म्हणाले तेव्हा माझ्याबरोबरच्या फिलिपिनो मुलीने त्यांचा मोजा काढला, आणि मी आधी गुडघा चाचपला. आपल्याकडे तरी पाय दुखतो म्हणणारा माणूस कुठे नेमका कुठे ते सांगतो?

सगळ्यात अवघड काय असेल तर फोन. रात्री दोनला ड्युटीवरच्या डॉक्टरला उठवायचं. समोर चेहरा नाही, हातवारे करता येत नाहीत, आणि तोही झोपेत. सुरुवातीला मी सगळं कागदावर लिहून मगच नंबर फिरवायची: पेशंट कोण, वय काय, काय झालं, रक्तदाब किती, साखर किती, आणि मला तुमच्याकडून काय हवंय. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, ते नसेल तर डॉक्टर "बरं, लक्ष ठेवा" म्हणून फोन ठेवतो.

गणपतीला मंडळात भेटलेले आयटीवाले विचारतात, तुला एवढी जर्मन कशी काय येते? अहो, माझ्या पेशंटांना इंग्रजी येत नाही, एवढंच.

खाडीपार (शारजा)

आमचा अनुभव जरा उलटा आहे. आखातात आलो, आणि शिकलो मल्याळम.

साइटवर स्टोअर सांभाळतो. फोरमन मलबारी, सुपरवायझर मलबारी, चहावाला मलबारी. ड्रायव्हर पेशावरचा, त्याच्याशी हिंदी-उर्दू. "मती" (पुरे), "नाळे" (उद्या), "शरी" (बरं), "एंद चेट्टा" (काय दादा) यावर अर्धा दिवस निघतो. आता तर भांडतोसुद्धा मल्याळममध्ये. अरबी म्हणाल तर यल्ला, खलास, बुक्रा, मामनू, म्हणजे चला, संपलं, उद्या, मनाई. या देशात स्थानिक नागरिक दहाजणांत एखादाच, आणि तो आमच्या स्टोअरमध्ये कशाला येईल? अरबी लिपी मात्र दुकानांच्या पाट्या वाचून थोडी जमते, वर अरबी आणि खाली इंग्रजी असते म्हणून.

घरी आई सगळ्यांना सांगते, पोरगा अरबी बोलतो. मी काही बोलत नाही.

व्याकरणबाई (पुणे)

खाडीपार, आईंना तसंच राहू द्या!

मी वर्षानुवर्षं पुण्यात जर्मन शिकवते, त्यामुळे या धाग्यात थोडं खारट बोलणार. "तिकडे गेलं की येईल" म्हणून ए-वनवर निघालेली मुलं मी पाहिलीत. सुट्टीत भेटायला येतात. बोलतात भराभर, पण क्रियापद भलत्याच जागी आणि लिंगाची तर दाणादाण. गाडी पुढे सरकतच नाही, कारण समोरच्याला एकदा कळलं की तो दुरुस्त करत नाही. मोठ्या माणसाच्या चुका तोंडावर काढणं कुणालाच आवडत नाही. बी-वन पक्कं करून गेलेल्यांना तिथली प्रत्येक पाटी, प्रत्येक बाचाबाची काहीतरी देऊन जाते. आधीच्या व्याकरणाला ती चिकटते. रात्रपाळीताईंनी बी-टू केलं होतं म्हणूनच टेपिशचा घोळ हा घोळ आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

आणि आपल्या मुलांना एक फायदा आहे, तो फार कुणी वापरत नाही. मराठीलाही तीन लिंगं आहेत, आणि आकडेही जर्मनसारखे एककापासून सुरू होतात. एकवीस, बावीस म्हणणाऱ्याने "आइनुंटझ्वान्झिश"ला घाबरायचं कारणच नाही. पण मुलं इंग्रजीतून विचार करत शिकतात आणि तिथेच अडकतात.

हिमगौरी (योतेबोरी, स्वीडन)

बाईंचं पटतं, पण क्लासला जायला वेळ कुणाकडे होता? मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आले, कडेवर बाळ. इथे सरकारी स्वीडिश वर्ग फुकट असतात, नाव घातलं, आणि बाळ आजारी पडलं की बुडवले. खरी भाषा आली ती पाळणाघरात.

इथे मूल पाळणाघरात घालताना "इनस्कूलनिंग" असतं. सुरुवातीचे दिवस आईने किंवा बाबाने तिथेच बसायचं, मूल रुळेपर्यंत. म्हणजे मी सकाळपासून छोट्या खुर्चीत, गुडघे कानाला लागलेले, आणि भोवती दोन-तीन वर्षांची पोरं. ती सोपं बोलतात, तेच तेच बोलतात, आणि न समजल्यास ओरडून परत सांगतात. इतके चांगले शिक्षक मला आजवर मिळालेले नाहीत. दर सकाळी गाण्यांचा तास. माझी पहिली अखंड स्वीडिश वाक्यं कोळी, माकड आणि बसच्या चाकांबद्दलची आहेत.

दुसरी शाळा म्हणजे दाराजवळचं कपड्यांचं फडताळ. प्रत्येक मुलाचा खण, त्यावर फोटो. संध्याकाळी मॅडम सांगणार: "गालोनब्यूक्सोर" ओली आहेत, म्हणजे पावसातली रबरी तुमान, दुसरे "वान्तार" आणा, एक हातमोजा हरवलाय, लोकरीचे मोजे कमी पडतायत. हिवाळ्यात हे रोज. अंगावर घालायच्या प्रत्येक वस्तूचं नाव मला आधी आलं, आणि "लोकशाही" हा शब्द कितीतरी नंतर.

आता लेक शाळेत जाते. मैत्रिणींसमोर मी बोलायला लागले की हळूच म्हणते, "आई, तू मराठीतच बोल, मी सांगते त्यांना." तिला माझ्या उच्चाराची लाज वाटते की मराठीचा अभिमान वाटतो, हे विचारायचं धाडस अजून केलेलं नाही.

पाणचक्की

हिमगौरी, गुडघे कानाला हे वाचून फुटलो. आमच्याकडे मूल नाही, कुत्रा पाळू म्हणतो. कुत्रेवाली माणसं बागेत एकमेकांशी बोलतात, असं निरीक्षण आहे.

भाकरतुकडा (तोक्यो)

विद्यार्थी व्हिसावर आलो. परवानगी काढली की आठवड्याला २८ तास काम करता येतं. मी चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, म्हणजे "कोनबिनी"त, संध्याकाळची पाळी धरली.

गल्ल्यावरची भाषा ठरलेली. पिशवी हवी का? (जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे विचारावंच लागतं.) डबा गरम करू का? चमचा की काड्या? सिगारेटी मागच्या फळीवर, प्रत्येकीला नंबर, गिऱ्हाईक फक्त नंबर पुटपुटतं. विजेचं बिल, पार्सल, तिकिटं, सगळं त्याच गल्ल्यावर. महिन्याभरात हे सगळं अत्यंत आदबशीर जपानीत, झोपेतही म्हणता यायला लागलं.

गंमत पुढे आहे. वर्गातल्या जपानी मुलांबरोबर जेवायला गेलो, तर मला त्यांचं निम्मं कळेना आणि माझं ऐकून ती हसायला लागली. मी मित्रांशी "आपण ग्रहण करावे" थाटात बोलत होतो. दुकानात राहून दुकानाची भाषा आली, दोस्तांची नाही. ती नंतर मालकाने शिकवली, माल उतरवताना. तो गिऱ्हाइकांसमोर वेगळा माणूस आणि गोदामात वेगळा.

बहीण निशी-कासाईला राहते. तिथे भारतीय किराणा, भारतीय शेजारी. तो भाग ज्यात येतो त्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ मध्ये निवडून आलेले योगेंद्र पुराणिकही आपलेच मराठी. तिला इथे येऊन माझ्यापेक्षा जास्त काळ झाला, पण डॉक्टरकडे जायचं तर मलाच नेते. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. तिचं अडलं नाही, एवढंच.

नवगावकर (बेरशेबा, इस्रायल)

शलोम मंडळी. माझं मराठी आईकडून आलेलं, लिहायला उशिरा शिकलो, सांभाळून घ्या.

गोष्ट आजीची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजी रेवदंड्याची. साठच्या दशकात ती आणि आजोबा इकडे दिमोनाला आले, वाळवंटात. नव्याने आलेल्यांना हिब्रू शिकवायला "उल्पान" असतात, पहिला १९४९ साली जेरुसलेमात निघाला. आजोबा गेले उल्पानला. आजी पोरांमुळे थोडे दिवस गेली आणि मग कापडाच्या कारखान्यात लागली.

तिला हिब्रू वाचता येत होती बरं का! कोकणात असताना प्रार्थनेचं पुस्तक वाचायची. पण त्या पुस्तकात अक्षरांखाली स्वरांची चिन्हं असतात. बसची पाटी, पगाराची चिठ्ठी, वर्तमानपत्र, यांत ती नसतात. समजा नुसतं क-म-ल लिहिलंय, आता कमल, कमाल की कोमल, ते तुम्ही ओळखा. ज्याला भाषा येते तोच वाचू शकतो. आजी म्हणायची, देवाशी बोलता येत होतं, कंडक्टरशी नाही.

शेजारच्या मशीनवर मोरोक्कोची एक बाई होती. दोघींना मिळून एक भाषा नव्हती. धागा तुटला, बॉबिन संपलं, सुपरवायझर आला, इथून सुरुवात झाली. मग नवऱ्यांच्या तक्रारी, मग स्वयंपाक. आजीची हिब्रू त्या बाईची हिब्रू झाली, घशातले "ह" आणि "अ" सगळे तिचे. बाजारात लोक विचारायचे, तुम्ही मोरोक्कोच्या का? आजी खुश व्हायची. घरी मलिद्याचं ताट मांडताना मात्र सगळं मराठीत, आणि मोरोक्कोच्या बाई पोहे-खोबऱ्याला हात लावायला हमखास हजर.

आजोबा उल्पानचे. त्यांचं व्याकरण चोख होतं. दुकानात भाव करायला आजीला पुढे करायचे.

लातूरकडचा

रशियात एमबीबीएस केलं. शिकवणं इंग्रजीत, हॉस्टेलचा मजला लातूर-नांदेड-बीडचा, मेसला वरण-भात. पहिली दोन वर्षं रशियन फक्त परीक्षेपुरती. तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलो आणि आज्यांनी घेतलं फैलावर. "ना श्तो झालुयेत्येस?", म्हणजे तक्रार काय आहे, एवढं विचारायला शिकवतात. ते विचारलं की आजी १९७० पासून सुरू करते, ते थांबवायला कुणी शिकवत नाही. पण एक सोपं गेलं. पेशंटला नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची पद्धत आहे, नुसतं नाव घेतलं तर उद्धटपणा. दिल्लीची मुलं गोंधळायची. आमच्या फॉर्मवर जन्मापासून बापाचं नाव मधे आहेच.

नवखा

सगळं वाचतोय. ऑक्टोबरमध्ये लायप्झिगला निघतोय, ए-टू झालंय. व्याकरणबाई रागावणार, माहीत आहे. लगेच कामाला येईल असं काही सांगा ना.

व्याकरणबाई

रागावत नाही. ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे, बी-वनचं पुस्तक उघड.

रात्रपाळी

वेळ सांगायची पद्धत पक्की कर, तिकडे आणि आमच्याकडे सारखीच आहे. "हाल्ब आख्ट" म्हणजे साडेसात, साडेआठ नव्हे. "फियर्टल आख्ट" म्हणजे सव्वासात. "द्रायफियर्टल आख्ट" पावणेआठ. उत्तरेकडच्या जर्मनांनासुद्धा मधली गोष्ट कळत नाही, त्यामुळे डॉक्टरची वेळ घेताना शेवटी आकड्यांत परत म्हणून घे: सात-पंधरा. आणि ती वेळ फोनवर घेऊ नकोस, पहिल्यांदा दवाखान्यात जाऊनच घे.