हापूसचा रस बाटलीत भरला, ऑगस्टमध्ये झाकणं फुगली. कुठं चुकलं?

माजघर
मुक्काम पुणे. मे महिन्यात हापूसचा रस मिक्सरमधून काढला, किलोला १०० ग्रॅम साखर घातली आणि पातेल्यात उकळी येईपर्यंत गरम केला. जरा निवल्यावर जॅमच्या धुतलेल्या रिकाम्या बाटल्यांत (७०० मिली) भरला. जुनीच झाकणं घट्ट लावून बाटल्या पाण्यात १५ मिनिटं उकळल्या. एकूण ११ बाटल्या. ऑगस्टमध्ये चारांची झाकणं वर आली. उघडल्यावर फस्स आवाज आणि ताडीसारखा वास. तीन बाटल्यांत वरचा बोटभर थर तपकिरी झालाय, बाकी चार दिसायला छान आहेत.

१) नेमकं कुठं चुकलं?
२) सोडियम बेन्झोएट किंवा केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) ही टिकवायची पावडर घालायची का, आणि किती?
३) याच पद्धतीनं ओले काजूगर मिठाच्या पाण्यात भरून ठेवता येतील का?

रसायनी
ताडीचा वास आणि गॅस म्हणजे यीस्ट. यीस्ट ७० अंशांपर्यंतच मरतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात ठेवलेल्या बाटलीत ते दोनच वाटांनी राहू शकतं. रसाच्या मध्यापर्यंत उष्णता पोचली नाही, किंवा नंतर झाकणातून हवा आत शिरली. बाटल्या आठ-दहा दिवसांतच फुगल्या असत्या तर उष्णता कमी पडली म्हटलं असतं. दोन-तीन महिने धीर धरून मग फुगल्या, म्हणजे माझा संशय झाकणावर.

जॅमच्या झाकणाच्या आतल्या कडेला मऊ रबरासारखं अस्तर असतं. बाटलीच्या तोंडाची गोल खाच त्यात एकदा उमटली की दुसऱ्यांदा ते नेमकं त्याच जागी बसत नाही. नख फिरवून बघा, खाच हाताला लागेल. बाटली हवी तेवढ्या वेळा वापरा, झाकण मात्र दरवेळी नवं. बाटल्यांच्या घाऊक दुकानात मापाची झाकणं सुटी मिळतात.

तपकिरी थर हा वर कोंडलेल्या हवेचा परिणाम आहे. निवल्यावर भरलंत, तिथंच गडबड झाली. गरम रसाची वाफ वरच्या मोकळ्या जागेतली हवा हुसकून लावते आणि गार होताना झाकण आत ओढलं जातं. कोमट रसाला ते जमत नाही. शिवाय घट्ट रसात उष्णता रांगत जाते. कोमट भरलेल्या ७०० मिलीच्या बाटलीचा मध्य १५ मिनिटांत पुरता तापत नाही.

बाठा
वरचं सगळं बरोबर, पण आंबटपणाचं कुणी बोललंच नाही. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असेल तर बोट्युलिनम या विष तयार करणाऱ्या जंतूचे बीजाणू उगवत नाहीत, म्हणून फळांना नुसतं उकळतं पाणी पुरतं. हापूस साधारणपणे खाली असतो, पण अति पिकलेला आंबा त्या रेषेच्या फार जवळ जातो. म्हणून सायट्रिक ॲसिड हवंच, किलोला ५ ग्रॅम. चमच्यानं नको, काट्यावर मोजा. साखर चवीपुरती, किलोला १०० ग्रॅम साखरेनं काहीही टिकत नाही.

रीत अशी:

आंबे घट्टसर पिकलेले घ्या, उतरलेले नकोत. चिरून बघितल्याशिवाय पिळू नका, साका (आतला पांढरट, स्पंजासारखा भाग) असलेली फोड सगळ्या रसाची चव बिघडवते. देठाजवळचा चीक धुऊन टाका. मिक्सर कमी वेळ फिरवा, फार फिरवलं की फेस होतो, आणि फेस म्हणजे हवा. मग चाळणीतून गाळा.

सायट्रिक ॲसिड दोन चमचे पाण्यात विरघळवून रसात घाला. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, सतत ढवळत ९० अंशांपर्यंत न्या. थर्मामीटर घ्याच, कारण रस बुडाशी फदफदतो तेव्हा वरचा ७० वरच असतो आणि 'उकळी आली' असं वाटतं. तोवर बाटल्या दुसऱ्या पातेल्यात उकळत्या पाण्यात. एकेक काढायची, पालथी करून पाणी गाळायचं आणि लगेच भरायची. तोंडापासून दीड सेंटीमीटर जागा सोडा. लाकडी काडी कडेनं फिरवून बुडबुडे काढा. काठ ओल्या फडक्यानं पुसा, काठावर रसाचा एक धागा राहिला तरी झाकण बसत नाही.

मोठ्या पातेल्याच्या तळाशी जुनं फडकं, त्यावर बाटल्या, झाकणाच्या वर दोन बोटं पाणी. पाणी खळखळायला लागल्यापासून ३० मिनिटं. पुण्यात पाणी ९८ अंशांना उकळतं, तिथं ३५ करा, महाबळेश्वरला ४०. काढल्यावर बाटल्या कडाप्प्याच्या ओट्यावर ठेवू नका, तळ तडकतो. लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा आणि पंखा बंद करा.

दुसऱ्या दिवशी झाकणाचा मध्य दाबा. टुक टुक हलला तर ती बाटली लगेच फ्रीजमध्ये आणि चार दिवसांत संपवायची.

रसायनी
प्रश्न २: वरच्या रीतीनं केलं तर दोन्हीची गरज नाही. सिरपला, स्क्वॉशला घालतात कारण ती बाटली उघडल्यावर महिनाभर वापरायची असते. तिथं किलोला ०.६ ग्रॅम केएमएस. कोकम, जांभूळ, करवंद यांना केएमएस नको, रंग उडतो. त्यांना सोडियम बेन्झोएट, किलोला ०.७ ग्रॅम. केएमएसचा वायू पत्र्याचं झाकण आतून खातो, आणि दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतो. मळक्या बाटलीची आणि जुन्या झाकणाची भरपाई पावडरीनं होत नाही.

तीनशिट्ट्या
काजूगराला कशाला एवढा विचार! बाटल्या प्रेशर कुकरमध्ये ठेवून तीन शिट्ट्या काढायच्या. मिठाचं पाणी आहेच.

बाठा
@तीनशिट्ट्या, हा सल्ला कृपया कुणी घेऊ नये. काजूगरात आंबटपणा जवळजवळ नाहीच. उकळत्या पाण्यात बोट्युलिनमचे बीजाणू मरत नाहीत, त्यांना १२१ अंश लागतात, तेही बाटलीच्या मध्याशी आणि मोजून. बंद बाटली, आत हवा नाही, आंबटपणा नाही, खोलीचं तापमान: त्याला हवी तशीच जागा आपण तयार करून देतो. त्याचं विष चवीनं कळेलच असं नाही, वासही येईलच असं नाही, झाकणही दरवेळी फुगत नाही.

शिट्टी हे मोजमापच नाही. कुकरमध्ये हवा अडकली असेल तर दाब दिसतो तेवढं तापमान आत नसतं. घरचा कुकर तापतो पटकन आणि निवतोही पटकन, आणि वाफ एकदम सोडली की बाटलीतलं पाणी उसळून झाकणाच्या कडेत येतं. भाजीला चवीपुरतं मीठ घालतो त्याच्या दुप्पट घातलं तरी बीजाणूंना फरक पडत नाही. पाण्यात १० टक्के मीठ झालं तर ते थांबतात, पण तेवढ्या खारट काजूगरांची उसळ कोण खाणार?

@माजघर, काजूगर सोला, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, फडक्यावर कोरडे करा, ताटात सुटे पसरून गोठवा आणि मग पिशवीत भरा. उणे १८ ला वर्षभर राहतात. किंवा कोकणात सालासकट कडकडीत वाळवतात तसे वाळवा आणि हवे तेव्हा रात्रभर भिजवा. 'सुके ओले काजूगर' हे नाव विनोदी आहे, पण उसळीत फारसा फरक कळत नाही. मटार, मक्याचे दाणे, फणसाची कुयरी, मश्रूम यांनाही हाच नियम.

माजघर
झाकणांवर नख फिरवलं, अकराच्या अकरा झाकणांना खाच लागते. आता उरलेल्या सात बाटल्यांचं काय? फुगलेल्या चार उकळून जॅम करता येईल का?

रसायनी
फुगलेल्या चार टाकून द्या, चाखूनही बघू नका. उरलेल्यांत सायट्रिक ॲसिड नाही, म्हणून सामू मोजल्याशिवाय वाटीत घेऊ नका. कागदी पट्टीवर रसाचा पिवळा रंग चढतो आणि आकडा फसवतो, छोटा मीटर मिळाला तर बघा. झाकण आत ओढलेलं, बुरशीचा ठिपकाही नाही आणि सामू ४.२ किंवा कमी असेल तर तपकिरी थर काढून बाकीचा वापरा. मीटर नसेल तर सातही ओता. आणि पुढच्या वेळी २०० मिलीच्या बाटल्या घ्या: पाण्यात २० मिनिटं पुरतात (पुण्यात २५), आणि एक उघडली की एका जेवणात संपते.